हॉट रॉड आणि जुन्या ड्रॅग गाड्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं लहानपण कोल्हापुरात, उद्यमनगरच्या लेथच्या आवाजात गेलं. १९८४ साली नोकरीसाठी दक्षिण कॅलिफोर्नियात आलो आणि दुसऱ्याच महिन्यात शेजाऱ्याच्या गॅरेजात मडगार्ड नसलेली, बॉनेट नसलेली एक काळी फोर्ड बघितली. तेव्हापासून चार गाड्या बांधायला घेतल्या. त्यातल्या दोन विकल्या, एक चालू आहे आणि एक नऊ वर्षं घोड्यांवर उभी आहे. भाचे-पुतणे, इथल्या मंडळातली पोरं, भारतातले गाडीवेडे, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न पाठवतात. म्हणून एकदाच लिहून ठेवलं. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. ज्याबद्दल दुसरीकडे जास्त लिहिलंय, तिथे त्या प्रश्नाचा आकडा दिला आहे.

१. हॉट रॉड म्हणजे नक्की काय? जुनी गाडी सजवली की झाली का?

नाही. ढोबळमानाने १९४८ पर्यंतची अमेरिकन गाडी, अनावश्यक वजन काढलेली, मूळच्यापेक्षा दांडगं इंजिन बसवलेली. १९३०-४० च्या दशकांत लॉस एंजेलिसच्या आसपासच्या पोरांच्या खिशात पैसे नसत, पण जुन्या फोर्ड भंगाराच्या भावात मिळत. गाडी आणायची, मडगार्ड, पायऱ्या, बंपर, जे जे पळायला मदत करत नाही ते काढून टाकायचं आणि सुट्टीच्या दिवशी मोहावी वाळवंटात म्युरॉक किंवा एल मिराजला जायचं. तिथली कोरडी तळी म्हणजे मैलोन्‌मैल सपाट, घट्ट माती. १९३७ साली या पोरांच्या क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली आणि घड्याळ लावून वेग मोजायला शिस्त आणली. म्युरॉक पुढे हवाई दलाकडे गेलं, आजचा एडवर्ड्स तळ तो हाच. १९४९ पासून मोठी जत्रा युटामधल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर भरू लागली.

मुळात हे वजाबाकीचं काम आहे. क्रोम, चमकता रंग, बाजूला रंगवलेल्या ज्वाळा हे सगळं नंतर आलं. मला त्याचं फार कौतुक नाही, पण भांडायलाही जात नाही.

२. मग व्हिंटेज गाडी आणि हॉट रॉड यात फरक काय?

व्हिंटेजवाला गाडी कारखान्यातून निघाली तशी करायला बघतो, स्क्रूचं डोकंसुद्धा त्याच सालचं शोधतो. हॉट रॉडवाल्याला कारखान्याचं मत मान्यच नसतं. दोघे एकाच भंगारवाल्याकडे भेटतात आणि एकमेकांना वेड्यात काढतात. भारतात हा फरक कायद्यातही आडवा येतो (प्रश्न १४).

३. सगळे १९३२ च्या फोर्डमागेच का लागतात?

कारण स्वस्तातल्या गाडीत व्ही-८ इंजिन पहिल्यांदा त्या साली आलं. आठ सिलिंडरचा अख्खा ब्लॉक एकसंध ओतणं तोवर महागड्या गाड्यांचं काम होतं. फोर्डने ते सामान्य माणसाच्या गाडीत घातलं. २२१ घन इंचांचं, ६५ अश्वशक्तीचं. आज हसू येईल, पण गाडी इतकी हलकी होती की त्या काळात ते पुष्कळ होतं.

दुसरं कारण चासी. १९३२ च्या चासीच्या बाजूच्या पट्ट्या बॉडीखालून उघड्या दिसतात आणि त्यांवर कारखान्यानेच एक देखणी उठावदार रेघ काढलेली आहे. मडगार्ड काढले तरी गाडी नागडी दिसत नाही. तीस-एकतीसच्या मॉडेल एची बॉडी या बत्तिसाच्या चासीवर बसवणारे खूप आहेत, ते यासाठीच. इथे या सालाला ‘ड्यूस’ म्हणतात, पत्त्यांतली दुर्री.

४. ड्रॅग रेस म्हणजे सरळ रेषेत गाडी दामटायची. त्यात कसब कसलं?

विदर्भातला शंकरपट डोळ्यांपुढे आणा. तिथेही पट सरळच असतो. म्हणून कुणी म्हणत नाही की जोडी हाकणाऱ्याला काही येत नाही.

पल्ला पाव मैलाचा, म्हणजे १,३२० फूट, जवळपास ४०२ मीटर. (टॉप फ्युएल आणि फनी कार या सर्वांत वेगवान वर्गांसाठी २००८ पासून १,००० फूट.) दोन गाड्या, मध्ये दिव्यांचा खांब, ज्याला ख्रिसमस ट्री म्हणतात. १९६३ च्या आधी झेंडा घेतलेला माणूस उडी मारायचा. पुढचं चाक प्रकाशकिरणाच्या आड आलं की वरचे छोटे दिवे लागतात, मग पिवळे, मग हिरवा. घाई केली तर लाल, आणि खेळ खल्लास.

गंमत अशी की हिरवा लागल्यापासून गाडी हलेपर्यंतचा वेळ वेगळा मोजतात आणि हलल्यापासून पल्ला संपेपर्यंतचा वेगळा. समजा माझी गाडी १०.२० सेकंदांत गेली, पण मी ०.१५० सेकंद उशिरा सुटलो. बेरीज १०.३५०. शेजारच्या बाईंची गाडी १०.२५ ची, म्हणजे माझ्याहून मंद. पण त्या ०.०५० लाच सुटल्या, बेरीज १०.३००. जिंकल्या त्या. हे माझ्या बाबतीत एकदा नव्हे, अनेकदा झालंय, आणि त्या बाई सत्तरीच्या पुढच्या आहेत.

५. मंद गाडी वेगवान गाडीशी लढतेच कशी?

याला ब्रॅकेट रेसिंग म्हणतात आणि आमच्यासारखे घरगुती लोक बहुतेक हेच खेळतात. तुमची गाडी किती सेकंदांत जाईल ते तुम्हीच आधी सांगायचं आणि खडूने काचेवर लिहायचं. माझा कूपे (दोन दारांची गाडी) १३.४० सेकंदांचा, समोरचा १०.९० चा. मला अडीच सेकंद आधी हिरवा मिळतो. तो मागून येतो, आणि आरशात त्याचं नाक मोठं होत जाताना पाय स्थिर ठेवणं हे खरं काम.

लबाडी करून मुद्दाम जास्तीचा वेळ लिहिला तर? तुम्ही लिहिलेल्या आकड्यापेक्षा लवकर पोचलात तर तुम्ही बाद. दोघेही लवकर पोचले, तर ज्याने कमी फरकाने आकडा मोडला तो जिंकतो. पण समोरच्याने लाल दिवा केला असेल, तर तुमचं लवकर पोचणं बघितलंच जात नाही. हा अपवाद नवख्यांना माहीत नसतो आणि ते उगाच शेवटाला ब्रेक दाबतात.

६. रोजच्या वापरातली गाडी घेऊन ड्रॅग रेसच्या पट्टीवर जाता येतं का?

येतं, आणि जावंच. रस्त्यावर शर्यती लावू नयेत म्हणून तर वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन उभी केली. तिच्या नियमांप्रमाणे १३.९९ किंवा त्याहून कमी सेकंदांची गाडी असेल तर हेल्मेट लागतं, जुन्या गाडीला ११.४९ पासून आत रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी लोखंडी कमान) लागतो आणि ९.९९ किंवा त्याहून कमीला स्पर्धेचा वेगळा परवाना.

पहिल्या खेपेला मला तपासणीतच परत पाठवलं होतं. इंजिनावर सहा महिने मेहनत घेतली होती आणि बॅटरी मात्र रबरी पट्ट्याने बांधलेली. तपासणाऱ्या म्हाताऱ्याने बॉनेटच्या आत नुसतं एक बोट लावलं, बॅटरी डुलली, त्याने मान हलवली. लोखंडी पट्टी आणि बोल्ट, दुसरं काही चालत नाही.

७. काही जुन्या ड्रॅग गाड्यांचं नाक इतकं वर का असतं? ते फक्त दिसायला का?

त्या ‘गॅसर’. साध्या पेट्रोलवर धावणाऱ्या गाड्यांचा तो वर्ग होता, ऐन भरात १९५० च्या उत्तरार्धात आणि ६० च्या दशकात. तेव्हाचे मागचे टायर आजच्या मानाने अरुंद आणि कडक, पकड कमी. गाडी उंच केली की सुटताना वजन मागच्या चाकांवर जास्त जातं, असा हिशेब. म्हणून पुढे सरळ दांडीचा अ‍ॅक्सल आणि पाटे घालून नाक उचलत. पुढे टायर सुधारले आणि गाड्या परत खाली आल्या. त्यामुळे आज नव्या रुंद टायरवर कुणी नाक आभाळात नेलं असेल, तर ते दिसण्यासाठीच.

गॅसरांत सगळ्यांत गाजली १९४१ ची विलीज. स्टोन-वुड्स-कुक यांची निळी विलीज आणि ‘बिग जॉन’ मझमेनियन यांची लाल विलीज यांच्यातली चुरस अजून लोक रंगवून सांगतात. ही विलीज म्हणजे आपल्या जीपवाली. महिंद्रांनी पुढे मुंबईत जिची जीप जोडली, तीच कंपनी.

८. इंजिन कोणतं घालू, फोर्डचं जुनं फ्लॅटहेड व्ही-८ (प्रश्न ३) की शेवरोलेचं स्मॉल ब्लॉक?

गाडी चालवायची असेल तर शेवरोले. १९५५ साली ते २६५ घन इंचांचं आलं. व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये (ब्लॉकवर बसणाऱ्या झाकणात). साध्या रूपातही १६२ अश्वशक्ती. वजनात फ्लॅटहेडच्या आसपासच, म्हणजे तेवढ्याच ओझ्यात १९३२ च्या फ्लॅटहेडच्या दुपटीहून जास्त काम. काही वर्षांतच कितीतरी हॉट रॉडांतून फोर्डचं इंजिन उतरलं आणि शत्रूचं चढलं. त्याचे सुटे भाग आजही कुठेही मिळतात.

फ्लॅटहेड घ्यायचं ते आवाजासाठी. मधल्या दोन सिलिंडरचा धूर एकाच वाटेने बाहेर पडतो, म्हणून आठ सिलिंडर असून एका बाजूला सायलेन्सरकडे जाणारी भोकं तीनच. त्यातून जो घोगरा, लंगडता ठेका येतो, तो दुसऱ्या कशातून येत नाही. माझ्या चालू गाडीत फ्लॅटहेडच आहे. मी सल्ला एक देतो आणि करतो दुसरंच, हे मला माहीत आहे.

९. फ्लॅटहेड तापतंच, असं सगळे म्हणतात. उपाय नाही का?

आहे. आधी कारण समजून घ्या. या इंजिनात व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, आतल्या अंगाला आहेत. जळालेला वायू बाहेर जाण्यासाठी ब्लॉकच्या पोटातून, पाण्याच्या जागेतून वाट काढतो. चुलीचं धुराडं पाण्याच्या पिंपातून नेल्यासारखं. म्हणून रेडिएटरवर नेहमीपेक्षा जास्त भार.

पण दहातल्या नऊ वेळा दोष इंजिनाच्या रचनेत नसतो, घाणीत असतो. मी एका ब्लॉकच्या पाण्याच्या वाटांतून वाकडी तार आणि जुना स्पीडोमीटरचा दोर घालून जवळपास एक तांब्याभर माल काढला. त्यातला अर्धा गंज, आणि उरलेली चक्क ओतकामाची वाळू, कारखान्यातून आलेली, सत्तर वर्षं आतच बसलेली. उद्यमनगरात ओतशाळेबाहेर जी काळी वाळू पडलेली असायची, अगदी तशी. ती काढल्यावर, नवा रेडिएटर आणि पंख्याभोवती नीट बसणारं कडं लावल्यावर ती गाडी ऑगस्टच्या उन्हात सिग्नलला न तापता उभी राहते.

१०. जुना ब्लॉक विकत घेताना काय बघायचं?

भेगा. बाकी सगळं दुरुस्त होतं. फ्लॅटहेडला भेग पडते ती बहुधा व्हॉल्व्हच्या बैठकीपासून सिलिंडरकडे, नाहीतर हेडच्या बोल्टांच्या भोकांतून. नुसत्या डोळ्याला दिसत नाही. ब्लॉक धुऊन कोरडा करायचा, चुंबक लावायचा आणि लोखंडाची बारीक पूड भुरभुरायची. धड जागेवरून ती घरंगळून जाते. भेग असेल तिथे मात्र चिकटून बसते आणि केसासारखी रेघ उमटते.

माझा पहिला ब्लॉक मी तपासणी न करता घेतला. विकणारा म्हणाला, ‘गाडीतून काढला तेव्हा चालत होता.’ चालत असेलही. घरी आणून पूड टाकली तर तीन सिलिंडरांवर रेघा. तो ब्लॉक आता अंगणात आहे आणि त्याच्या सिलिंडरांत माझी बायको पुदिना लावते. तेव्हापासून पैसे देण्याआधी तपासणी, नाहीतर भेग निघाल्यास परत घेण्याची कबुली लिहून.

११. नवं बांधलेलं इंजिन सावकाश, बारीक चालवत ठेवलं, तरी कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) खराब झाला. असं कसं?

सावकाश चालवलं म्हणूनच. आपल्याकडे नवी गाडी हळू चालवायची सवय हाडात भिनलेली, पण जुन्या पद्धतीच्या सपाट टॅपेटच्या (कॅमवर टेकून व्हॉल्व्ह उचलणारा तुकडा) कॅमला पहिली वीस मिनिटं मिनिटाला साधारण २,००० ते २,५०० फेऱ्यांवर चालवावं लागतं. कॅमला तेल मिळतं ते मुख्यतः क्रँकने उडवलेल्या शिंतोड्यांतून. बारीक चालीवर शिंतोडे पुरत नाहीत, टॅपेट गोल फिरत नाहीत आणि कॅमची टोकं घासून जातात.

म्हणजे पहिल्यांदा सुरू करण्याआधी टायमिंग, पाणी, तेल, कार्बोरेटर सगळं तयार हवं. सेल्फ मारत मारत जुळवत बसायचं नाही. दुसरं, तेल. आजच्या साध्या गाड्यांच्या तेलांत जस्त कमी असतं. या कॅमला जस्त जास्त असलेलं तेल लागतं. रोलर टॅपेट असतील तर हा सगळा प्रश्न तुमच्यासाठी नाही.

१२. पन्नास मैलांच्या पुढे स्टिअरिंग वेड्यासारखं थरथरतं. डँपर लावू का?

आधी नको. डँपर म्हणजे दुखणं न बघता घेतलेली गोळी. पुढचं चाक जॅकवर उचला, वर-खाली धरून हलवा. किंगपिन (ज्या खुंटीवर पुढचं चाक वळतं ती) सैल असेल तर हाताला कळतं. मग टाय रॉडची टोकं, मग टायरचा तोल. सगळं ठीक असेल तर अ‍ॅक्सलचा मागे कललेला कोन मोजा. पाच ते सात अंश हवा. गाडी पुढून खाली उतरवताना आणि मागून चढवताना हा कोन नकळत कमी होतो, आणि बहुतेकांचा घोटाळा इथेच असतो.

ब्रेकचंही इथेच सांगतो, कारण तीच मंडळी पुढे तेच विचारतात. १९३२ चे ब्रेक सळयांवर चालणारे आहेत. फोर्डने तेलाचे ब्रेक १९३९ मध्ये आणले, तेव्हा किमान तेवढे तरी घाला. मास्टर सिलिंडर पायाखाली, चाकांच्या सिलिंडरपेक्षा खालच्या पातळीवर असेल, तर तेल मागे ओघळतं आणि पेडल एकदा रिकामं जातं. त्यासाठी पाइपात दाब धरून ठेवणारा छोटा व्हॉल्व्ह लागतो. डिस्कला २ पौंडांचा, ड्रमला १० पौंडांचा. उलटसुलट लावलात तर डिस्क घासत राहतील.

१३. खरी जुनी ड्रॅगस्टर (फक्त ड्रॅग रेससाठीच बांधलेली गाडी) हाती लागली, तर ती पुन्हा पळवावी का? आणि त्यात नायट्रो घालावं का?

इंजिन पुढे आणि चालक मागच्या चाकांच्याही मागे बसलेला, अशी ‘स्लिंगशॉट’ असेल, तर माझं उत्तर नाही असं आहे. ८ मार्च १९७० ला लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर ड्रॅगस्टर चालवणारे डॉन गार्लिट्स यांच्या गाडीची ट्रान्समिशन त्यांच्या पायांमध्ये फुटली आणि उजव्या पावलाचा काही भाग गेला. त्यानंतर त्यांनी इंजिन मागे टाकलेली गाडी बांधली आणि १९७१ मध्ये पोमोनाच्या शर्यतीत ती जिंकली. काही वर्षांतच स्लिंगशॉट शर्यतीतून गेल्या. त्या सांगाड्याच्या नळ्या आज पन्नास-साठ वर्षांच्या आहेत, आतून गंजल्यात की नाही ते बाहेरून कळत नाही.

पण ती भिंतीला टेकवूनही ठेवू नका. बेकर्सफील्डजवळच्या फमोसो पट्टीवर जुन्या ड्रॅगस्टर ढकलून सुरू करतात आणि जागेवरच गर्जवतात. पळवत नाहीत. रात्री धुराड्यांतून निघणारे पिवळट लोळ, डोळ्यांत पाणी आणणारा वास, छातीत बसणारे ठोके. तिथे घेऊन जा.

नायट्रोमिथेनच्या रेणूत स्वतःचाच ऑक्सिजन असतो. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, याला जेमतेम १.७. म्हणून तेवढ्याच हवेत कितीतरी जास्त इंधन जाळता येतं आणि ताकद दुपटीच्या वर जाते. जे जळत नाही ते सिलिंडरमध्ये साचतं, द्रव दबत नाही, आणि मग हेड आकाशात. जुन्या हेमी (अर्धगोल ज्वलनकक्षाच्या) इंजिनांत ते कसं वापरायचं हे माहीत असलेल्या माणसाच्या हाताखाली दोन-तीन हंगाम काढल्याशिवाय डबा उघडू नका. घरच्या गाडीत तर मुळीच नको.

१४. महाराष्ट्रात हॉट रॉड बांधून रस्त्यावर आणता येईल का?

रस्त्यावर, प्रामाणिकपणे सांगायचं तर, नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करता येत नाही, ज्याने नोंदणीतले तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी जुळेनासे होतील. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे आणखी स्पष्ट केलं. छत कापणं, चासी बदलणं हे त्यात सरळ अडकतं.

‘मग व्हिंटेज म्हणून नोंदवू’, असं अनेकजण सुचवतात. २०२१ च्या नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी मालिका मिळते, पहिल्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण अट हीच की गाडी मूळ रूपात हवी, चासी-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार नको. म्हणजे हॉट रॉड तिथूनही बाहेर. शिवाय ती गाडी रोज वापरता येत नाही, रॅली-प्रदर्शनापुरतीच.

बंदिस्त जागी पळवण्याची हौस असेल, तर लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झालेल्या आहेत. गाडी तिथवर ट्रेलरवर न्यायची.

(इथे कॅलिफोर्नियातही कागदांचा ताप आहेच. घरी बांधलेल्या गाड्यांपैकी वर्षाला पहिल्या ५०० गाड्यांनाच धुराच्या नियमांत खास सवलत मिळते. जुन्या चासीवर मूळ क्रमांक असेल तर तो घासू नका. १९३२ च्या फोर्डला तो डाव्या पट्टीच्या माथ्यावर ठोकलेला असतो.)

१५. आजोबांची १९३८ ची शेवरोले वाड्यात पडून आहे. तिची हॉट रॉड करू का?

हा प्रश्न वर्षाला निदान दोनदा येतो, आणि मी दर वेळी त्याच दिवशी उत्तर देतो, कारण तोवर कुणीतरी ग्राइंडर आणलेला असतो. करू नका. इथे आम्ही कापतो त्या बॉड्या गंजून चाळण झालेल्या, नाहीतर नव्याने ठोकलेल्या पत्र्याच्या असतात. भारतात उरलेली शाबूत गाडी कापणं ही निराळी गोष्ट. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडल्या, तेव्हा तुमची गाडीही तिथूनच निघालेली असू शकते. कायद्याचं वर सांगितलंच आहे.

गेल्या पावसाळ्यात सातारा जिल्ह्यातून एकाने फोटो पाठवला. बॉनेटवर ज्वारीची पोती, मागच्या सीटवर कोंबडी बसलेली. त्याला सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. आधी पोती उतरवा. टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, ते वार्निशसारखं घट्ट झालेलं असेल. सगळे प्लग काढा आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचा-दोन चमचे पातळ तेल सोडून आठवडाभर तसंच राहू द्या. बॅटरी लावू नका, सेल्फ मारू नका. मग पुढून हँडल घालून हाताने, अगदी हळू, फिरवून बघा. फिरलं तर मला फोन करा. नाही फिरलं तर जोर लावू नका, तेव्हाही फोन करा. कोंबडीचं तुम्ही बघा.